कोडिंगचा कोर्स करावा का? आधी वही उघडा

यंदा आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत उभी असताना तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. पहिली होती एच-४ वर आलेली एक मुलगी. तिचा मुलगा आता किंडरगार्टनला जाऊ लागला आहे आणि दुपार खायला उठते म्हणाली. दुसरे पंचावन्न वर्षांचे, नुकताच ले-ऑफ झालेले एक गृहस्थ. तिसरी माझी जुनी मैत्रीण. तिच्या मुलीला इंग्रजी साहित्यात बी. ए. होऊन वर्ष झाले, पण मनासारखी नोकरी नाही. प्रश्न असा, "तुम्ही तो वेब डेव्हलपमेंटचा कोर्स केला होता ना? आम्ही करावा का?"

हातात कागदी ताट, त्यात मसालेभात आणि मागची मंडळी पुढे सरका म्हणताहेत, अशा वेळी या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. म्हणून 'आरोग्य आणि अर्थ' या सदरासाठी लिहायला बसले. कोर्सचा आणि आरोग्याचा काय संबंध, असे वाटेल. आहे, आणि चांगलाच आहे. तो पुढे येईलच.

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या वाचकांना शेवटपर्यंत थांबावे लागणार नाही. शिकावे, जरूर शिकावे. पण कर्ज काढून, चालती नोकरी सोडून किंवा म्हातारपणाच्या पुंजीला हात लावून शिकू नये. आणि कोर्स म्हणजे नोकरी नव्हे, हे पैसे भरण्यापूर्वी स्वतःला दहा वेळा सांगावे.

फुल-स्टॅक म्हणजे काय?

मी मूळची हिशेबनीस, म्हणून बँकेचे उदाहरण देते. आपल्याकडच्या सहकारी बँकेत गेलात की समोर काउंटर दिसतो, स्लिपा दिसतात, 'रांगेत उभे राहा' ही पाटी दिसते. वेबसाइटच्या या दर्शनी भागाला फ्रंट-एंड म्हणतात. तो एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांनी बनतो. आत बसलेला कारकून स्लिप तपासतो, सही जुळवतो, नियमात बसते का ते पाहतो. तो बॅक-एंड. आणि सगळ्यात मागे कपाटात ठेवलेली लेजरे, म्हणजे डेटाबेस. काउंटरपासून लेजरपर्यंत तिन्ही कामे ज्याला येतात तो फुल-स्टॅक डेव्हलपर. आमच्या कोर्समध्ये दर्शनी भागासाठी रिॲक्ट, आतल्या कामासाठी नोड आणि एक्सप्रेस, लेजरांसाठी मॉंगोडीबी आणि पोस्टग्रेस, आणि कोणी केव्हा काय बदलले याची नोंद ठेवायला गिट, असा मेनू होता.

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत उभी केली. ती नीट समजायला मला चार महिने लागले. यावरून जाहिरातीतल्या 'बारा आठवड्यांत इंजिनिअर' या वाक्याची किंमत लक्षात यावी.

आपल्याला हे नवीन नाही

अशा कोर्सना इथे बूट कॅम्प म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ च्या सुमारास याची लाट सुरू झाली. पण खरे सांगायचे तर आपल्या मराठी घरांना हा प्रकार त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले आणि १९९३ पासून त्यांच्या ॲक्ट्स या शाखेत सहा महिन्यांचा डॅक हा डिप्लोमा सुरू झाला. सकाळी लेक्चर, दुपारी लॅब, रात्री पुन्हा लॅब. माझ्या थोरल्या भावाने तो १९९८ मध्ये केला. औंधला कॉट बेसिसवर राहायचा, मेसमध्ये जेवायचा आणि सहा महिन्यांत सहा किलोंनी उतरला होता. कोर्स संपायच्या आत त्याच्या हातात नोकरी होती. वायटूकेची धामधूम होती, कंपन्यांना माणसे कमी पडत होती.

माझ्या मामेभावाने त्याच धर्तीचा कोर्स २००१ मध्ये केला. मुलगा भावाहून हुशार, मेहनतही तितकीच. पण डॉट-कॉमचा फुगा फुटला होता. त्याला पहिली नोकरी मिळायला चौदा महिने लागले आणि तीही पगार सांगायला लाजावे अशी. दोघांनी सारखेच शिकले, सारखेच घाम गाळले. फरक होता तो सालाचा. कोर्स विकणारा माणूस नेहमी माझ्या भावाची गोष्ट सांगतो, मामेभावाची सांगत नाही. आपण दोन्ही ऐकाव्यात.

माझे साल

मी कोर्स सुरू केला सप्टेंबर २०२२ मध्ये. चोवीस आठवडे, आठवड्यातून तीन संध्याकाळी तीन तीन तास आणि शनिवारी चार तास. शिवाय घरचा अभ्यास आठवड्याला पंधरा तास, तो कागदावर. प्रत्यक्षात पंचवीस. फी १४,००० डॉलर. मी दिवसा एका छोट्या सीपीएच्या ऑफिसात अर्धवेळ काम करत होते. ते सोडले नाही, ही माझ्या हातून झालेली एकमेव शहाणपणाची गोष्ट.

आता त्या वर्षी बाहेर काय चालले होते ते पाहा. मार्च २०२२ पासून फेडरल रिझर्व्हने व्याजदर चढवायला घेतले होते. जवळजवळ शून्यावरचा दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. स्वस्त पैशावर भरमसाट माणसे घेतलेल्या कंपन्यांनी ती कमी करायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० माणसे काढली. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. आणि नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीला, म्हणजे आमचा बारावा आठवडा चालू असताना, चॅटजीपीटी लोकांपुढे आले. आमच्या वर्गातल्या एका मुलाने आठवड्याभराचा गृहपाठ त्याच्याकडून चार मिनिटांत करून घेतला. सगळे हसले. शिकवणारा मात्र हसला नाही, ते मला अजून आठवते.

मार्च २०२३ मध्ये माझा कोर्स संपला. त्यानंतरच्या सात महिन्यांत मी १४० अर्ज केले. उत्तरे आली पाच, मुलाखती झाल्या दोन, नोकरी एकही नाही. बाजारात दहा दहा वर्षांचा अनुभव असलेली माणसे मोकळी झालेली असताना सेहेचाळीस वर्षांच्या नवशिक्या बाईला कोण घेणार? यात माझा दोष नव्हता असे मी म्हणणार नाही. मी पैसे भरण्यापूर्वी जे प्रश्न विचारायला हवे होते ते विचारले नाहीत. हिशेबनीस असून विचारले नाहीत, याची लाज जास्त वाटते.

जाहिरातीतले टक्के

'आमच्या ८० टक्के विद्यार्थ्यांना नोकऱ्या!' हे वाक्य वाचले की पहिला प्रश्न विचारायचा, 'किती जणांपैकी ८०?' समजा शंभर जणांनी फी भरली. पैकी सत्तर जणांनी कोर्स पुरा केला. त्यातल्या पन्नास जणांनाच शाळेने 'नोकरी शोधणारे' म्हणून धरले. बाकीचे वीस 'संपर्कात नाहीत' किंवा 'पुढे शिकत आहेत'. या पन्नासांपैकी चाळीस जणांना काम मिळाले. झाले ८० टक्के. पण त्या चाळिसातले आठ जण त्याच शाळेत तासावर शिकवणीच्या मदतीला ठेवलेले, आणि सहा जण आधीच्याच नोकरीत परतलेले. म्हणजे शंभर जणांनी फी भरली आणि नवे काम मिळाले सव्वीस जणांना. हे आकडे मी समजावण्यासाठी मांडले आहेत. पण छेद बदलला की टक्के कसे फुगतात, ते यावरून दिसावे.

आणि हे नुसते मनाचे खेळ नाहीत. लॅम्ब्डा स्कूल या २०१७ मध्ये निघालेल्या आणि पुढे ब्लूमटेक असे नाव घेतलेल्या शाळेवर एप्रिल २०२४ मध्ये ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी असलेल्या केंद्रीय संस्थेने, म्हणजे सीएफपीबीने, कारवाई केली. शाळा ७१ ते ८६ टक्के नोकऱ्यांची जाहिरात करत होती. संस्थेच्या म्हणण्यानुसार शाळेच्या स्वतःच्या अंतर्गत आकड्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आणि काही तुकड्यांत ३० टक्क्यांपर्यंत खाली होते. शाळेला कर्ज देण्याच्या व्यवसायातून कायमचे बाद करण्यात आले.

त्या शाळेची पद्धत अशी होती की आधी फी नाही, नोकरी लागल्यावर पगाराचा हिस्सा द्या. ऐकायला किती गोड! पण कलम वाचा. वर्षाला ५०,००० डॉलरहून जास्त पगार झाला की करापूर्वीच्या पगाराचे १७ टक्के, २४ महिने, किंवा ३०,००० डॉलर भरेपर्यंत. साठ हजारांची नोकरी लागली तर महिन्याला ८५० डॉलर, दोन वर्षांत २०,४००. नव्वद हजारांची लागली तर पुरते ३०,०००. 'हे कर्ज नव्हे' असे शाळा सांगत होती. सीएफपीबीने ते कर्जच ठरवले. सावकार धोतर नेसून येवो की हूडी घालून, वही तीच असते.

मोठे नाव पाहूनही भुलू नये. पहिल्या काही शाळांपैकी असलेली डेव्ह बूटकॅम्प २०१७ मध्ये बंद झाली. दि आयर्न यार्ड त्याच वर्षी. टू-यू या कंपनीने २०१९ मध्ये ट्रिलॉजी ही कंपनी ७५ कोटी डॉलरना विकत घेतली आणि नामवंत विद्यापीठांच्या नावाखाली हे कोर्स चालवले. २०२४ च्या जुलैत टू-यू दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि डिसेंबरमध्ये तिने बूट कॅम्प बंद करत असल्याचे जाहीर केले. प्रमाणपत्रावर विद्यापीठाचा शिक्का, शिकवणारी मात्र कंपनी, असा तो मामला होता. तेव्हा 'शिकवणार कोण आणि पगार कोणाकडून घेणार' हेही विचारावे.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी एक सोय आहे. तिथल्या खाजगी शाळांवर बीपीपीई या सरकारी खात्याची देखरेख असते. सही करण्यापूर्वी शाळेने 'स्कूल परफॉर्मन्स फॅक्ट शीट' दाखवणे बंधनकारक आहे. किती जण पूर्ण करतात, कितींना काम लागते, पगार काय, हे त्यात असते. इतर राज्यांतल्या मंडळींनीही असाच कागद मागावा. देत नसतील तर चहा पिऊन घरी यावे.

पैसा कुठून आणणार?

आता 'अर्थ' या भागाकडे येते. असे पूर्णवेळ कोर्स साधारण १० ते २० हजार डॉलरचे असतात. बहुतेक खाजगी बूट कॅम्पना केंद्र सरकारचे विद्यार्थी कर्ज लागू नसते. मग उरते खाजगी कर्ज. १४,००० डॉलर १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता ४६५ डॉलर. एकूण १६,७४० भरता. आणि हप्ता सुरू होताना नोकरी लागलेली असेलच असे नाही.

काही जण ४०१(के) मधून पैसे काढतात. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत २०,००० काढले तर १० टक्के दंड २,०००, आणि तुम्ही २२ टक्क्यांच्या पट्टीत असाल तर केंद्राचा कर ४,४००. राज्याचा कर वेगळा. हातात जेमतेम १३,६०० येतात. तेच २०,००० अठरा वर्षे ६ टक्क्यांनी वाढले असते तर सुमारे ५७,००० झाले असते. म्हणजे तुमच्या कोर्सची फी १४,००० नाही, ५७,००० आहे.

कराची सवलत मिळेल, असे कोणी सांगितले तर जपून. लाइफटाइम लर्निंग क्रेडिट जास्तीत जास्त २,००० डॉलरचे असते, पण त्यासाठी संस्था केंद्रीय विद्यार्थी मदतीला पात्र असावी लागते. बहुतेक बूट कॅम्प त्यात बसत नाहीत, तुमच्या गावचे कम्युनिटी कॉलेज मात्र बसते. नोकरीत असाल तर आधी एचआरला विचारा. कंपनीने दिलेला वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचा शिक्षणखर्च करमुक्त असू शकतो. इतकी साधी विचारपूस आपण संकोचाने करत नाही.

सगळ्यात मोठा खर्च मात्र माहितीपत्रकात नसतोच. तो म्हणजे नोकरी सोडल्यावरचा आरोग्य विमा. केएफएफच्या २०२४ च्या पाहणीत नोकरीमार्फत मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. नोकरीत असताना त्यातला मोठा वाटा मालक भरतो, म्हणून आपल्याला तो जाणवत नाही. नोकरी सोडून कोब्रा घेतले तर पूर्ण हप्ता आणि वर २ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे २,१७० डॉलर. चार महिन्यांचे ८,७०० झाले! कोब्रा निवडायला ६० दिवस असतात आणि मार्केटप्लेसचा विमा घ्यायलाही जुना विमा संपल्यापासून ६० दिवस. दोन्हींची किंमत शेजारी शेजारी मांडून पाहावी. 'चार महिने विम्याशिवाय काढू' हा विचार मनात आला तर तो तिथेच सोडावा. अपेंडिक्स तुमचा कोर्स संपायची वाट पाहत नाही.

शरीराचा हिशेब

मी दिवसाचे चार-पाच तास ऑफिसात आणि चार-पाच तास कोर्ससाठी खुर्चीत होते. ऑक्टोबरमध्ये उजवे मनगट दुखू लागले. डिसेंबरमध्ये मान. मानेचे कारण गमतीचे निघाले. चाळिशीनंतर आपण प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरतो, त्यात जवळचे वाचायचा भाग खाली असतो. समोरचा पडदा स्पष्ट दिसावा म्हणून मी तासन् तास हनुवटी वर करून बसत होते. डॉक्टरांनी पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा दिला आणि पडदा खाली घ्यायला सांगितले. महिन्याभरात मान सुटली. हे आधी कोणी सांगितले असते तर!

मनगटाला पट्टा बांधण्यापेक्षा कीबोर्ड कोपराच्या उंचीवर आणला हे जास्त उपयोगी पडले. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहायचे, हा साधा नियम. मी खिडकीतून शेजाऱ्यांच्या मेपलकडे पाहत असे.

पण खरी गोष्ट रक्तातली आहे. एप्रिल २०२३ च्या तपासणीत माझे ए१सी ६.१ निघाले. आदल्या वर्षी ५.५ होते. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आपल्या भारतीय शरीराला हा धोका लवकर आणि कमी वजनावर असतो. म्हणूनच अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच करावी, असे सुचवले आहे. 'मी तर बारीक आहे' हे आपले ठरलेले वाक्य इथे उपयोगाचे नाही. रात्री साडेनऊला वर्ग संपल्यावर भात, मग एकपर्यंत अभ्यास, सकाळी सहाला उठून डबे. याचा निकाल त्या कागदावर होता. झोप कमी करून अभ्यास वाढवणे तर दुहेरी तोटा आहे. दिवसभर शिकलेले पक्के बसते ते झोपेतच. माझे कित्येक प्रश्न रात्री एक वाजता सुटले नाहीत आणि सकाळी चहा उकळेपर्यंत सुटले.

एक खर्च मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नाशिकला बाबांचे सहस्रचंद्रदर्शन होते. तोच आमच्या गटाच्या प्रोजेक्टचा आठवडा. तिकिटाचे पैसेही फीत गेलेले. नवरा म्हणाला, "अगं, जा तू, एक आठवडा बुडला तर काय होतंय?" मी गेले नाही. फोनवर सोहळा पाहिला. आई म्हणाली, "असू दे गं, अभ्यास कर तू." बाबा २०२४ मध्ये गेले. जमाखर्चाची वही मी आयुष्यभर लिहिली, पण ही नोंद कोणत्या बाजूला आणि किती रकमेची करायची, ते मला अजून कळलेले नाही.

मग वाया गेले का?

नाही. आणि म्हणूनच 'शिकू नका' असे मी म्हणत नाही.

आमच्या ऑफिसात बहुतेक अशील भारतीय. वर्षात कधीही परदेशातल्या खात्यांची एकत्रित रक्कम १०,००० डॉलरवर गेली की एफबार भरावा लागतो. त्यासाठी प्रत्येक खात्यातली वर्षातली सर्वाधिक शिल्लक काढायची आणि ट्रेझरी खात्याने दिलेल्या वर्षअखेरच्या दराने डॉलरमध्ये बदलायची. एकेका अशिलाची सात सात खाती, त्यातली दोन आजीच्या नावावर जोडलेली. हे काम आम्ही वर्षानुवर्षे हाताने करत होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मी त्यासाठी एक छोटी वेबसाइट बनवली, फक्त ऑफिसच्या वापरासाठी. दर्शनी भाग, आतले नियम, मागची लेजरे, सगळे माझे. अशिलांच्या माहितीच्या सुरक्षेची लेखी व्यवस्था कर भरून देणाऱ्यांना कायद्याने ठेवावीच लागते, तेव्हा आमच्या साहेबांनी ती आधी तपासून घेतली. अशिलाचा एकही आकडा एआयच्या खिडकीत टाकायचा नाही, ही त्यांची अट. पुढच्या हंगामात ज्या कामाला दोन तास लागत ते वीस मिनिटांत होऊ लागले. साहेबांनी माझे तास वाढवले आणि तासाला सहा डॉलर जास्त दिले. वर्षाचा हिशेब केला तर फी वसूल व्हायला सव्वादोन वर्षे लागतात. वाईट नाही.

हे काम एखाद्या पंचविशीच्या हुशार डेव्हलपरला जमले नसते का? कोड जमला असता. पण एनआरओ आणि एनआरई यातला फरक, जोडखाते, मोडलेली आणि पुन्हा ठेवलेली एफडी दोनदा मोजली जाते ही मेख, त्याला कोण सांगणार? आज यंत्र पानभर कोड क्षणात लिहिते. नवशिक्याला पूर्वी जी किरकोळ कामे मिळत, फॉर्म बनव, बटण हलव, ती तर पहिल्यांदा गेली. उरले ते काय लिहायचे हे ठरवणे आणि लिहिलेले बरोबर आहे का हे ओळखणे. त्यासाठी कोड वाचता यावा लागतो आणि आपला मूळ धंदा ठाऊक असावा लागतो. कोडिंग हे आता टायपिंगसारखे झाले आहे. नुसत्या त्याच्यावर पोट भरणे अवघड, पण आपल्या कामाला त्याची जोड मिळाली की आपण दुपटीने उपयोगी.

आता रांगेतल्या तिघांना उत्तर.

एच-४ वरच्या मुलीला: शिकायला तुला व्हिसाची आडकाठी नाही. काम करायला मात्र ईएडी लागते. ते मे २०१५ पासून मिळू लागले, पण सरसकट नाही. नवऱ्याचे आय-१४० मंजूर असणे किंवा त्याचे एच-१बी सहा वर्षांपुढे वाढलेले असणे, अशा अटी आहेत. बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नकोस. आणि बूट कॅम्पचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, त्याच्या जोरावर एच-१बी होत नाही. तेव्हा ईएडी हातात नसताना १४,००० भरू नकोस. फ्रीकोडकॅम्प आणि ओडिन प्रोजेक्ट पूर्ण फुकट आहेत. हार्वर्डचे सीएस५० फुकट ऐकता येते. दुपार तुझी आहेच.

ले-ऑफ झालेल्या काकांना: तुम्हाला माणसे सांभाळण्याचा आणि गोदामांच्या हिशेबाचा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. तो फेकून बावीस वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभे राहू नका. विम्याचे ६० दिवस आधी मोजा. मग जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जा. राज्याच्या यादीतल्या प्रशिक्षणासाठी नोकरी गेलेल्यांना तिथून मदत मिळू शकते. तो तुमच्याच करातला पैसा आहे, त्यात कमीपणा नाही.

मैत्रिणीच्या मुलीला: तीन महिने रोज दोन तास घरी बसून फुकट शीक. तीन महिन्यांनंतरही सकाळी उठल्यावर कालचा अडलेला प्रश्न आठवला आणि हात शिवशिवले, तर कम्युनिटी कॉलेजात नाव घाल. नाही आठवला, तर तू १४,००० डॉलर वाचवलेस.

शेवटी एवढेच. आपण मराठी माणसे शिक्षणासाठी खर्च केला की तो वाया जात नाही असे मानतो, आणि ते मानणे चांगलेच आहे. पण शिक्षणाच्या नावाखाली विकली जाणारी प्रत्येक वस्तू शिक्षण असतेच असे नाही. दर मंगळवारी संध्याकाळी लायब्ररीच्या मागच्या खोलीत मी बसते, ती खोली मंडळाच्या नावावर घेतलेली आहे. ज्यांना पहिले पान बनवून पाहायचे आहे त्यांनी लॅपटॉप घेऊन यावे. फी नाही. येताना चालत आलात तर उत्तम, तुमच्या ए१सीलाही बरे.